बिनझोळाचं शीड

समुद्रावर चालवायची बोट दुरुस्तीसाठी घाट चढवून देशावर नेली होती, असं परत आल्यावर मी ज्याला ज्याला सांगितलं, त्या प्रत्येकाने आधी माझ्या बायकोकडे पाहिलं. तिने मान डोलावली की मगच लोकांचा विश्वास बसतो. आमच्या रत्नागिरीत नवरा शहाणा की खुळा, हे शेवटी बायकोच्या साक्षीवरच ठरतं.

तर हकीकत अशी. मी गणिताचा मास्तर. निवृत्त झालो आणि गोव्याच्या एका गृहस्थांकडून एक जुनी शिडाची बोट घेतली. फायबरची, आत दोन माणसं झोपतील एवढी खोली, स्टो ठेवायला कोनाडा, डिझेलचं छोटं इंजिन, आणि वयाने आमच्या थोरल्या मुलीपेक्षा मोठी. हिला धडधाकट करायची आणि किनाऱ्याकिनाऱ्याने, एकेका बंदरात मुक्काम करत, थेट कोचीपर्यंत जायचं असं माझ्या मनात होतं. पण जायचं ते दोघांनी. एकट्याने जाण्यात मला काडीचा रस नव्हता. मुलं, शाळा, पाहुणेरावळे यातून सुटून आम्हा नवराबायकोला पहिल्यांदाच मोकळा वेळ मिळाला होता.

सुलभा, म्हणजे माझी बायको, समुद्राच्या गावात आयुष्य काढूनही गुडघ्याच्या वर पाण्यात गेलेली नाही. तिने सरळ अट घातली. "आधी मला अशा पाण्यावर बसवा, जिथून दोन्ही काठ दिसतात. शिडावर चालवून दाखवा, इंजिनावर नाही. मी भ्याले नाही तर कोचीला येते. भ्याले तर बोट विकायची. मग मागाहून कुरकुर ऐकून घेणार नाही." मी कबूल झालो. कबूल न होऊन सांगतो कोणाला?

आता दुरुस्ती. आमच्या बंदरावरचे कारागीर आधी म्हणाले, गणपती होऊन जाऊ देत. गणपती गेले, तेव्हा म्हणाले दसरा होऊ दे. त्यानंतर ते शिमग्याबद्दल बोलायला लागले. तेवढ्यात पणदऱ्याहून दाजींचा फोन आला. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. बारामती तालुक्यातले ऊसबागायतदार. गावात त्यांना सगळे तात्या म्हणतात, आणि ते फोनवर बोलतात तेव्हा फोनची गरज आहे असं वाटत नाही.

"पाव्हणं, बोट हिकडं आना. आमच्याकडं काय न्हाय? वेल्डर हाय. दुधाच्या टाक्या करनारं स्टीलवालं हायती. ट्रॅक्टरचं मेकॅनिक हायती. ताडपत्री शिवनारं हायती. बोटीला आनखी लागतंय काय?"

"पाणी," मी म्हणालो.

"उजनी हाय की! तिकडं इंदापूरला येवढं पानी पसरलंय, तुमचा समुद्र काय त्याच्याम्होरं!"

समुद्राचा अपमान मी गिळला. कारण कारागीर आणि दोन्ही काठ दिसणारं पाणी एकाच फेरीत मिळत होतं.

पणदरे

घाटाची कथा सांगत नाही. बोट ट्रेलरवर होती आणि मी डोळे मिटून होतो. पणदऱ्याजवळ आलो तेव्हा उसाचा हंगाम सुरू झालेला. रस्ताभर उसाने फुगलेल्या ट्रॉल्या. एका ट्रॅक्टरवाल्याने गाडी बाजूला घेऊन, खाली उतरून, बोटीभोवती फेरी मारली आणि विचारलं, "मालक, ही कुठल्या कारखान्याला चालली?" बोट आहे म्हटल्यावर तो म्हणाला, "ते दिसतंय. पर कुठल्या कारखान्याला?"

दाजींनी गोठ्याशेजारची शेड मोकळी केली होती. बोटीच्या एका अंगाला ट्रॅक्टर, दुसऱ्या अंगाला म्हशी. ताईने दारातच बोटीला ओवाळलं. नव्या गाडीला करतात ते सगळं झालं: नारळ, हळदकुंकू, पुढे लिंबू-मिरची, दोन्ही बाजूंना लोकरीचे रंगीत गोंडे. आमच्याकडे नारळ समुद्राला देतात, होडीचा मान त्यानंतरचा. इथे समुद्रच नसल्यामुळे सगळा मान बोटीला मिळाला. गोंडे काढायचा विषय मी काढला, तर ताईने मला लहानपणी बघायची तसं बघितलं. गोंडे राहिले.

रात्रीच्या जेवणाला बाजरीची भाकरी, काळ्या मसाल्याचं मटण, आणि दुधाचा तांब्या. जेवून दाजी बोटीत शिरले आणि आत किती जागा आहे ते ढांगा टाकून मोजायला लागले.

"पाव्हणं, ह्यात मानसं किती बसतील?"

"दोन झोपतात."

"झोपायचं न्हाय ओ. खायला किती बसतील?"

मला काही उमगेना. उलगडा ताईने केला. दाजींना रस्त्याकडेच्या वावरात मिसळीचं हॉटेल काढायचं आहे. गाड्या थांबाव्यात असं काहीतरी समोर हवं म्हणून ते विमान शोधत होते. विमान मिळालं नाही. तेवढ्यात सुलभाची अट त्यांच्या कानावर गेली. वैनी भ्याल्या, पाव्हण्यांनी बोट विकायला काढली, की ती घ्यायची आणि आत टेबलं टाकायची, असा बेत.

मी दाजींना विचारलं. ते जराही लाजले नाहीत. "आपलं सरळ हाय. चालली तर तुमची, न्हाय चालली तर माजी. दुरुस्तीला मातर मी कमी पडनार न्हाय." आणि हे अगदी खरं निघालं. बोट चालू नये अशी इच्छा असलेल्या माणसाने ती तरंगावी म्हणून एवढे कष्ट घेतलेले मी दुसरीकडे पाहिलेले नाहीत.

बारामती, मध्ये एकदा वालचंदनगर

बारामतीला दूध गोळा करण्याच्या टाक्या बनवणारा एक स्टीलवाला दाजींच्या ओळखीचा. मी त्याला बोटीच्या कडेचं रेलिंग सांगितलं. त्याने एकच प्रश्न केला, "वजन किती येनार?" मी म्हणालो, फार नाही, बायको धरून बसेल. त्याने सुलभाकडे बघून मान डोलावली. पण रेलिंग आलं ते उसाच्या ट्रॉलीला शोभेल असं. आरशासारखं चकचकीत, आणि हत्तीला पुरेल एवढं जाड. दाजींनी शेडमध्ये त्याला दोराने म्हैस बांधली आणि म्हशीला मागून चापट मारली. म्हशीने हिसका दिला. बोट टेकूंवरून सरकली, मी टेकू धरायला धावलो, आणि दाजी म्हणाले, "बगा, रेलिंग हाललं न्हाय."

इकडे कुठलीही वस्तू करायची म्हणजे तिच्यावर उद्या दुप्पट ओझं पडणार हे धरूनच करतात. आमच्या कोकणात उलट. आहे ते आणखी किती दिवस ओढता येईल याचा विचार आधी.

पिण्याच्या पाण्याची नळजोडणी दाजींच्या ठिबक बसवणाऱ्या माणसाने केली. नळ उघडला तर थेंब, थेंब, थेंब. मी तक्रार केली. तो म्हणाला, "तुमीच म्हनला ना, प्रवास लांबचा हाय, पानी पुरवून वापरायचं?" आजही आमच्या बोटीवर तोंड धुवायचं म्हणजे आधी पंधरा मिनिटं भांडं लावून ठेवावं लागतं.

दोरीची एक कप्पी झिजली होती, तशी नवी करून घ्यायला वालचंदनगरला गेलो. तिथल्या क्वार्टर्समध्ये दाजींचे एक निवृत्त मित्र राहतात, जन्मभर लेथवर काम केलेले. त्यांनी जुनी कप्पी हातात घेतली, उलटसुलट केली, आणि म्हणाले, "ड्रॉइंग?" मी म्हणालो, ही वस्तूच आहे ना हातात. ते म्हणाले, वस्तू कोणीही आणेल. शेवटी त्यांच्याच घरातल्या एका लग्नपत्रिकेच्या पाठीवर मी कप्पी समोरून, वरून आणि बाजूने काढून दिली. त्यांच्या पत्नीने तेवढ्यात पोहे केले. ड्रॉइंगखाली माझी सही घेतल्यावर त्यांनी कामाला हात लावला.

उरलं शीड. जुनं शीड दोन ठिकाणी फाटलेलं, बाकी उन्हाने कुजलेलं. मार्केट यार्डाजवळ हरिभाऊंचं ताडपत्रीचं दुकान आहे. कांद्याच्या, धान्याच्या, ट्रकच्या ताडपत्र्या ते शिवतात. म्हातारा गडी, तोंडात टाचण्या, त्यामुळे बोलणं थोडं. मी त्यांना कागदावर शिडाची आकृती काढून दिली. वारा कसा वळतो, कापड कसं फुगलं पाहिजे, शिडाला पोट का हवं, सगळं सांगितलं. वर्गात सांगायचो तसं दोनदा सांगितलं. हरिभाऊ माना डोलवत होते. मागच्या बाकावरची पोरंही अशाच माना डोलवायची, हे मला तेव्हा आठवायला हवं होतं.

शीड तयार झाल्याचा निरोप आला. हरिभाऊंनी ते दुकानाच्या फरशीवर पसरलं होतं. पांढरंशुभ्र, शिलाई एका ओळीत, कुठे सुरकुती नाही. टाचण्या काढून ते म्हणाले, "मास्तर, तुमच्या जुन्या शिडाला लई झोळ आलावता. उनानं येतो. समदा काढून टाकला. हात फिरवून बगा." मी हात फिरवला. तो इतका गुळगुळीत फिरला की मी वा वा म्हणालो.

इंदापूर

उजनी त्या वर्षी काठोकाठ होती. इंदापूरच्या बाजूला एका गावात धरणाआधीचा जुना रस्ता अजून आहे. वस्तीतून निघतो, बाभळींच्या मधून उतरतो आणि सरळ पाण्यात जातो. पलीकडे पूर्वी कोणतं तरी गाव होतं. या रस्त्याने दाजींच्या ट्रॅक्टरने ट्रेलर मागे मागे रेटत पाण्यात घातला आणि बोट अलगद तरंगली. काठावर सगळा गाव जमा झाला होता. कोणीतरी टाळ्या वाजवल्या. मला भरून आलं, खोटं का सांगू.

दुपारी एका कोळ्याच्या घरी चिलापी तळलेली, लसणाची चटणी, भाकरी. गोड्या पाण्यातल्या माशाला चव ती काय असणार, त्याला मीठ कुठलं माहीत, असं मी जेवताना सुलभाला हळूच समजावून देत होतो. ती म्हणाली, "नावं ठेवायची असतील तर दुसऱ्यांदा मागू नका."

मग परीक्षा. सुकाणूवर मी. रेलिंग धरून सुलभा. साक्षीदार म्हणून दाजी, पांढऱ्या शर्टावर नारिंगी जाकीट आणि डोक्याला टोपी. आणि आपलं कापड कसं दिसतं ते पाहायला आलेले हरिभाऊ. काठापासून दूर गेल्यावर मी इंजिन बंद केलं. शांतता झाली. ती दाजींनी वापरून घेतली.

"वैनी, खाली गावंच्या गावं हायती. देवळं हायती. एक मगर बी हाय म्हनत्यात."

"तात्या, तुम्ही पाहिलीत?"

"मी कशाला बगू? ज्यानं बगितली त्यो सांगायला ऱ्हायला न्हाय."

मी शीड चढवलं. ते डोलकाठीवर गेलं आणि फळ्यासारखं सपाट उभं राहिलं. वारा आला, शिडाला लागला, आणि शाळा तपासायला आलेल्या साहेबासारखा दुसऱ्या बाजूने निघून गेला. बोट जागची हलेना. मी दोर ताणला, सैल सोडला, सुकाणू इकडे केलं, तिकडे केलं. बोट तिरकी तिरकी, खेकड्यासारखी, धरणाच्या भिंतीकडे सरकायला लागली. सुलभाने पिशवीतून भाजलेले शेंगदाणे काढून खायला सुरुवात केली.

"आपण निघालो का?" तिने विचारलं.

शेवटी मासे धरणाऱ्यांच्या होडीने आम्हाला दोर बांधून काठाला आणलं. इंजिन होतं हो, पण घाईघाईत किल्ली मी दाजींना खिशात ठेवायला दिली होती आणि दाजींना जाकिटाखालचा खिसा सापडत नव्हता.

काठावर उतरून सुलभा म्हणाली, "भ्याले नाही. पण हा निकाल मी धरत नाही. उभ्या एसटीत बसून गाडी लागते की नाही ते कळत नाही."

माझा सगळा राग हरिभाऊंवर निघाला. "पोट हवं होतं, पोट! मी सांगितलं होतं तुम्हाला!"

हरिभाऊही तापले. "मास्तर, हयात गेली माजी ताडपत्री शिवन्यात. पोट सुटल्याली ताडपत्री माज्या हातनं गेली न्हाय. झोळ ऱ्हायला की पानी साचतं. पानी साचलं की कांदा सडतो."

"इथे कांदा कुठे आहे?"

"आज न्हाय! उद्या कुनी भरला तर?"

मी पुन्हा वाळूवर काडीने आकृती काढायला बसलो. वक्ररेषा, वाऱ्याचे बाण. हरिभाऊ पाठ फिरवून उभे. दाजी खुशीत होते. ते कोणाला तरी टेबलांचा आकार हाताने दाखवत होते. तेव्हा सुलभाने शेंगदाण्याची फोलपटं झटकली आणि म्हणाली, "हरिभाऊ, ह्यांचं सोडा. ही ताडपत्री नाही. हा ब्लाऊज आहे. सपाट शिवून कसं चालेल? टक्स घाला."

हरिभाऊ वळले. शिडाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "आसं व्हय!" ते म्हणाले. "मग आदी का न्हाय सांगितलं?"

कळलं ते असं, की हरिभाऊ पूर्वी ब्लाऊजच शिवायचे. बायकांच्या कटकटीला कंटाळून ताडपत्रीकडे वळले. "वैनी, ताडपत्री कदी परत येत न्हाय. हितं चुन्या पडल्या, तितं तंग झालं, आसं म्हनत न्हाय. दुकान बदललं आन् सुखी झालो."

शीड देवळाच्या सभामंडपात पसरलं. हरिभाऊंच्या एका पाहुण्याचं इंदापुरात रेक्झिन शिवायचं मशीन होतं, ते टेम्पोत घालून आणलं. सुलभा एका बाजूला, हरिभाऊ दुसऱ्या बाजूला, मध्ये शीड. टक्स किती, कुठून, केवढे, यावर दोघांची अशी चर्चा जुंपली की गावातल्या बायकाही येऊन बसल्या. एक म्हणाली, बगलेत जरा सैल सोडा. दुसरी म्हणाली, खालचा टक्स अजून वर घ्या, न्हायतर पडल्यासारखं दिसतं. मी वाऱ्याच्या दाबाबद्दल एक मुद्दा मांडायला गेलो. मला चहा सांगायला पाठवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी वारा उठला. पाण्यावर बारीक पांढऱ्या रेघा दिसायला लागल्या. तीच चार माणसं बोटीत. मी शीड चढवलं.

या वेळी त्याने वारा घेतला. एक फट् असा आवाज झाला, कापड भरलं, गोल झालं, आणि बोटीने अशी उडी घेतली की दाजी बसल्या जागी आडवे झाले. "बसलं! अंगावर बसलं!" हरिभाऊ ओरडले. बोट एका अंगावर कलली. कलली म्हणजे खालच्या कडेचं रेलिंग पाण्याला घासायला लागलं आणि पाणी सळसळ करत आमच्या पायाशी आलं. दाजींची टोपी उडाली. ती उजनीत गेली ती गेलीच. त्यांनी मगरीचं नाव काढलं नाही. ते मोठ्याने विठ्ठलाचं नाव घेत होते.

आता खरं सांगतो. मी आजवर मित्राच्या होडीतून खाडीत पुष्कळ हिंडलो आहे, पण सुकाणू कायम त्याच्या हातात. अंगाखाली असा वेग आणि तो आपल्याच हातात, हे पहिल्यांदा घडत होतं. दोर सोडावा की ताणावा, पुस्तकात वाचलेलं सगळं डोक्यातून पुसलं गेलं होतं. सुलभा डोळे गच्च मिटून रेलिंगला मिठी मारून बसली होती. तिचा चेहरा पांढराफटक. तो पाहिला आणि मला वाटलं, संपलं. कोची गेलं. हिला असं भिववून मी काय मिळवलं?

तेवढ्यात समोरचा, करमाळ्याच्या बाजूचा काठ आला. मी बोट वळवली, शीड झपकन दुसऱ्या बाजूला गेलं, सगळे खाली वाकले, आणि आम्ही परत निघालो. परतताना वारा मागून होता आणि बोट जरा सरळ झाली. भोरड्यांचा एक मोठा थवा पाण्यावरून वळत वळत गेला.

काठावर सगळा गाव. ताई पाण्यात पाय घालून उभी. दाजी आधी उतरले. बोडक्या डोक्याने, ओल्या शर्टाने ते सुलभासमोर उभे राहिले. माणूस सभ्य, घाईत विचारलं नाही. तिला पाणी दिलं, मग म्हणाले, "वैनी, खरं काय ते सांगा. आपलं काय बी म्हननं न्हाय."

सुलभा खोटं बोलत नाही. मला ते ठाऊक होतं, म्हणून मी दोर गुंडाळण्याचं निमित्त करून खाली बघत राहिलो.

"भ्याले," ती म्हणाली. "जन्मात एवढी भ्याले नव्हते."

दाजींनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "पाव्हणं, मी हिला लई जपीन. गोंडे बी तसंच ठिवीन."

"थांबा तात्या." सुलभाने पदर पिळला. "मी मध्येच एकदा डोळे उघडले. ह्यांचे हात थरथरत होते. ओठ माझ्याहून पांढरे. मी भ्याले तर बोट विकायची, एवढंच ठरलं होतं. दोघंही भ्यालो तर काय करायचं, ते ठरलं नव्हतं."

काठावरच्या बायका जवळ सरकल्या. हरिभाऊही शीड सोडून पुढे आले.

"सगळा संसार ह्यांनी मला, घाबरू नकोस, एवढंच सांगण्यात घालवला. मुलं आजारी पडली तरी तेच, घर बांधायला काढलं तरी तेच. मी आपली एकटीच भीत बसायचे. आज पहिल्यांदा हे माझ्याबरोबर भ्याले." ती माझ्याकडे वळली. "मला बरं वाटलं. कोचीपर्यंत असंच भ्यायचं असेल, तर मी येते."

मी गुंडाळलेला दोर सोडून पुन्हा पहिल्यापासून गुंडाळायला घेतला. बोललो असतो तर आवाजही थरथरला असता, आणि तो तिने ऐकला असता.